वाणात दिलेलं निरांजन

मानवजातीचा इतिहास म्हणजे तिच्या शोधांचा इतिहास.

हे वाक्य मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्याच्या काचेच्या दारावर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं आहे. त्याखाली चिकटपट्टीने लावलेला कागद आहे : ‘दार ढकलू नये, ओढावे.’ संघमित्रा ओहोळने दार ओढलं. त्याआधी रेडकरांनी ते दोनदा ढकलून पाहिलं होतं.

संघमित्रा मुलुंडला खासगी तपासाचं ऑफिस चालवते. पूर्वी ती विमा कंपनीत दाव्यांची छाननी करायची. जळालेल्या दुकानांत काय काय मुळात नव्हतंच, हे शोधण्यात तिची बरीच वर्षं गेली. चंद्रप्रकाश रेडकर बँकेतून निवृत्त झालेले. घरी बसलं की बायको कामं सांगते, म्हणून ते तपासाला येतात.

गाळ्याची मालकीण रुचिरा परुळेकर. चाळिशीची, पदार्थविज्ञानातली डॉक्टरेट, बोटांवर ॲसिडचे डाग. तिने टेबलावर मुठीएवढं पितळी निरांजन ठेवलं. नुकतंच दुकानातून आणल्यासारखं चकचकीत.

“हे दीड वर्षात घासलेलं नाही,” ती म्हणाली.

“आमचंही नाही,” रेडकर म्हणाले.

“पण तुमचं काळं पडलं असेल.”

“ते आहेच.”

रुचिराने समजावून सांगितलं. पितळेवर सिलिकाच्या कणांचा लेप. कण इतके बारीक, की केसाच्या जाडीत त्यांची हजारोंची रांग मावेल. नॅनो म्हणतात ते हेच. लेप दिसत नाही, हाताला लागत नाही, पण हवा पितळेपर्यंत पोचू देत नाही.

“म्हणजे आहे, पण दिसत नाही,” रेडकर म्हणाले. “आमच्या ब्रांचला लिफ्ट होती तशी.”

“अडचण काय आहे?” संघमित्राने विचारलं.

“पेटंटचा अर्ज मी २०२३च्या फेब्रुवारीत केला. पेटंटला वस्तू नवी लागते. अर्जाच्या आधी ती लोकांत वापरात आली असेल, तर संपलं. आता एका बाईने विरोध नोंदवलाय. म्हणे, हे निरांजन तिला २०२३च्या संक्रांतीला आमच्या घरी हळदीकुंकवाचं वाण म्हणून मिळालं. संक्रांत जानेवारीत, अर्ज फेब्रुवारीत.”

“मिळालं होतं का?”

“मिळालं, पण २०२४च्या संक्रांतीला. अर्जानंतर. ’२३ला आम्ही हळदीकुंकू केलंच नाही. वकील म्हणतात, तसं सिद्ध करा. आता न झालेल्या हळदीकुंकवाचा फोटो मी आणू कुठून?”

“’२४चे फोटो?”

“आहेत ना. काळ्या साड्या, तोच हॉल, त्याच बायका. कुठल्याही वर्षाचे म्हणून खपतील.”

पेटंट मिळालं तर बंगळुरूचे गुंतवणूकदार कारखाना उभा करून देणार होते. नाही मिळालं तर गाळा बंद, आठ वर्षांचं काम पाण्यात आणि रुचिरा परत वापीला, रंगाच्या कंपनीत डबे तपासायला. सुनावणी पुढच्या आठवड्यात होती.

“बाई कोण?”

“लता घाग. बोरीवलीला आमच्याच सोसायटीत राहतात. पण हे डोकं त्यांचं नाही. ‘नॅनो’ म्हणजे त्यांच्या लेखी ती छोटी गाडी. मागे कोण आहे, ते मला हवंय.”

तिने प्रतिज्ञापत्राची प्रत पुढे केली. इंग्रजीत होती. संघमित्रा वाचत गेली आणि तिसऱ्या परिच्छेदावर थांबली. “‘श्रीमती सुलक्षणा परुळेकर यांनी स्वतः मला हळदीकुंकू लावले व सदर निरांजन वाण दिले.’ सुलक्षणा म्हणजे?”

“माझ्या सासूबाई.” रुचिराने कागद जरा घाईनेच परत घेतला. “घरी याल तेव्हा हे वाक्य आईंसमोर काढू नका. प्लीज.”

“समजलं,” रेडकर म्हणाले. “गोपनीय आहे.”

निघताना संघमित्राची नजर कोपऱ्यातल्या जुन्या लेथ मशीनवर गेली. त्यावर ताजा हार होता.

“सासऱ्यांची,” रुचिरा म्हणाली. “हा गाळा त्यांचाच. पहिलं लेप दिलेलं भांडं त्यांनी दिवाळीत तीन वेळा घासून पाहिलं. काही होत नाही म्हटल्यावर खूश झाले. त्याच भाऊबीजेला गेले. अर्ज भरला तेव्हा नव्हते. त्यांची सही साक्षीदार म्हणून घ्यायची होती.”

*

शेजारच्या गाळ्यात हर्षद दोशींचा भांडी घासायच्या पावडरीचा कारखाना आहे. पितळ काळं पडणं बंद झालं, तर सगळ्यात आधी कोण बुडणार, याचं उत्तर वसाहतीतल्या चहावाल्यालाही पाठ होतं.

“या, या, बेन,” दोशी म्हणाले. “मला माहीतच होतं, पहिले माझ्याकडे येणार. आमच्या बिल्डिंगमधली मांजर हरवली तरी लोक माझ्याकडेच बघतात.”

“लेप बाजारात आला तर तुमचं नुकसान आहे,” रेडकरांनी सरळ विचारलं. त्यांच्या मते केस इथेच संपत होती.

“काका, लेप तर येणारच. प्रश्न आहे कोण लावणार. पेटंट मिळालं तर लावणार एकटी रुचिराबेन. महाग असणार. हजारात दहा लोक घेतील, बाकीचे घासतील. पेटंट नाय मिळालं तर उद्या मुरादाबाद लावेल, राजकोट लावेल, रस्त्यावरचा कल्हईवाला पण लावेल. मग माझी पावडर कोण घेणार? तुम्ही?”

“आम्ही घासत नाही,” रेडकर म्हणाले.

“मी रोज देवाला सांगतो, रुचिराबेनला पेटंट दे.” दोशींनी भिंतीवरच्या तसबिरीला हात जोडले. “सीतारामभाईंची सून आहे ती. माणूस सोन्यासारखा. ऐन दिवाळीत गेले, अर्धी वसाहत गावाला. मी आणि चहावाला, दोघांनी खांदा दिला. दहिसरला स्मशानात मला भाऊबीजेच्या ओवाळणीचे फोन येत होते.”

बाहेर आल्यावर रेडकर म्हणाले, “माणूस फार बोलतो. गुन्हेगार वाटतो.”

“तुम्हीही फार बोलता, रेडकर.”

“म्हणून तर मला कळतं.”

*

रुचिराचा भागीदार विशाल केतकर पोटमाळ्यावरच्या केबिनमध्ये बसतो. मालाची विक्री आणि गुंतवणूकदारांशी बोलणी त्याच्याकडे. ते वर गेले तेव्हा तो फोनवर होता.

“अगं, इंग्लिश मीडियम सगळीकडे सारखंच. आणि गुजराती सेकंड लँग्वेज घेईल ना ती. पोरं शिकतात पटकन. ठेवतो, लोक आलेत.” त्याने फोन उलटा ठेवला. “बोला मॅडम. काय वाट लागलीय बघा आमची.”

“कुणी केलं असेल?”

“मला विचारू नका यार. ’२३च्या संक्रांतीला मी पुण्यात होतो. कंपनीत आलो त्याच वर्षीच्या नोव्हेंबरला. त्या हळदीकुंकवाबद्दल मला काय ठाऊक असणार? मी एकटाच आहे ज्याच्यावर तुम्हाला संशय घेता येणार नाही.” तो मोकळेपणाने हसला.

“परुळेकरांच्या घरी जाणं-येणं आहे?”

“’२४च्या संक्रांतीला निरांजनांचे खोके मीच माझ्या गाडीतून पोचवले. त्याआधी एकदा गेलो होतो, ते जेवायला. जॉईन होऊन आठवडा नाही झाला आणि रुचिराच्या सासऱ्यांचं तेरावं. काकांची भेट राहूनच गेली. वाईट वाटलं. पण जेवण झकास हां. काळ्या वाटाण्याचं सांबार आणि वडे.”

“वडे कोंबडीबरोबरचे तेच?” रेडकरांनी उत्सुकतेने विचारलं.

“तेच, पण कोंबडीशिवाय.”

“तरी चांगले लागतात,” रेडकर म्हणाले, आणि पुढची पाच मिनिटं तपास वड्यांच्या पिठात अडकला. संघमित्रा खिडकीतून खालच्या लेथवरच्या हाराकडे बघत होती.

जिना उतरताना रेडकर म्हणाले, “हा सुटला. शहरातच नव्हता. बोरीवलीला गुजराती वस्तीत घर घेतोय बहुतेक, म्हणून पोरीला गुजराती.”

“शेजारी गुजराती आहेत म्हणून शाळेत दुसरी भाषा गुजराती घेतात का?”

“आजकाल काय सांगावं.”

*

लता घाग बोरीवलीला परुळेकरांच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहतात. दार उघडताच त्यांनी विचारलं, “रिडेव्हलपमेंटचे ना? परवाच दिल्या की सह्या.”

“निरांजनाबद्दल आलोय,” संघमित्रा म्हणाली.

लताबाईंचा चेहरा उतरला. “सही माझी आहे. त्यात जे लिहिलंय ते खरंच असणार.”

“काय लिहिलंय?”

“ते इंग्रजीत आहे.”

“मग खरं आहे कशावरून?”

“स्टॅम्प पेपरवर आहे बाई. स्टॅम्प पेपरवर खोटं कोण लिहील?”

नोटरीचा माणूस सोसायटीत कागदांचा गठ्ठा घेऊन येतो, जिथे सही हवी तिथे पेन्सिलीने फुली मारलेली असते, एवढं त्यांच्याकडून निघालं. आता सही नाकारली तर तुरुंगात जावं लागेल, असं त्यांना भाच्याने सांगितलं होतं. भाचा कायद्याच्या पहिल्या वर्षाला दोनदा बसला होता.

“वाण कुठल्या वर्षी मिळालं?”

“ते कुणाच्या लक्षात राहतं गं? एकदा प्लॅस्टिकचा डबा, एकदा चाळणी, एकदा ते निरांजन. निरांजन मी पुढच्या वर्षी नणंदेला वाण दिलं. तिने कुणाला दिलं, ते तिलाच ठाऊक.”

“लेप चांगला आहे पण,” रेडकर म्हणाले. “वापरलंच नाही तर काळं कसं पडणार.”

लताबाई हळू आवाजात म्हणाल्या, “सुलूला सांगा, माझ्या मनात काही नव्हतं. सीतारामभाऊ गेले तेव्हा तीन रात्री मी तिच्याजवळ झोपले होते. आता लिफ्टमध्ये भेटली तर ती जिना उतरते.”

*

सुलक्षणाबाईंनी रेडकरांना आधी नीट न्याहाळलं. “तुमी खंयचे?”

“सावंतवाडीकडचो.”

“मगे चाय कमी साखरेची नको.” चहा आला. भिंतीवर सीताराम परुळेकरांचा फोटो, त्याला चंदनाचा हार. खाली लेप दिलेला पितळी दिवा, अर्थातच चकचकीत.

“हळदीकुंकू छान होतं म्हणे तुमच्याकडे,” संघमित्रा म्हणाली.

“व्हायचं. वीस-बावीस वर्षं मी केलं. आता रुचिरा करते.”

“’२४ला निरांजनं वाटलीत, तेव्हा तुम्ही होतात?”

“घरातच होते की. स्वयंपाकघरात. तिळगुळाच्या पुड्या भरून देत होते.”

“बाहेर नाही आलात?”

सुलक्षणाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग संघमित्राच्या कपाळाकडे पाहिलं, ते मोकळं होतं. “तुमच्यात नसतं ना हे?”

“नाही. आम्ही बौद्ध. म्हणून विचारते.”

“बरं आहे,” सुलक्षणाबाई म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या.

रेडकर हळूच म्हणाले, “मॅडम, हे असं विचारायचं नसतं.”

“मला माहीत नसतं, म्हणून विचारता येतं. तुम्हाला सगळं माहीत आहे, म्हणून तुम्ही विचारत नाही.”

“पण त्याचा केसशी काय संबंध?”

 संघमित्राने फोन काढला आणि रविवारी सगळ्यांना इथेच बोलावून घ्यायला रुचिराला सांगितलं.

*

रविवारी परुळेकरांच्या हॉलमध्ये दोशी सोफ्यावर, लताबाई दारापाशी स्टुलावर आणि विशाल खिडकीत असे बसले. रुचिरा उभी होती. सुलक्षणाबाई स्वयंपाकघराच्या दारात.

“रुचिराताई,” संघमित्रा म्हणाली, “तुम्ही मला एक वाक्य इथे वाचू नका म्हणालात. ते वाचावं लागेल. आई, तुमची परवानगी आहे?”

“वाचा,” सुलक्षणाबाई म्हणाल्या. “गेले दोन महिने ही माझ्यापासून कागद लपवत्येय. मला वाटलं, सुनेला आजार झाला.”

संघमित्राने वाचलं. ‘श्रीमती सुलक्षणा परुळेकर यांनी स्वतः मला हळदीकुंकू लावले.’

 लताबाईंनी तोंडावर पदर घेतला. “अगं आई गं! असं लिहिलंय? सुलू, शप्पथ, मला माहीत नव्हतं गं.”

“तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही ते लिहिलंच नव्हतं,” संघमित्रा म्हणाली. “सीतारामराव २०२२च्या भाऊबीजेला गेले. अडीच महिन्यांनी २०२३ची संक्रांत आली. त्या संक्रांतीला हे घर वर्षाच्या दुखवट्यात होतं. घरात सण नाही. आणि सण असता, तरी नवरा गेलेल्या बाईला या लोकांनी कुंकू लावायला बाहेर येऊ दिलं नसतं. ’२४लाही त्या आतच होत्या. ही पद्धत चांगली आहे असं मी म्हणत नाही. आहे, एवढंच म्हणते.”

“म्हणून आम्ही केलं नव्हतं,” रुचिरा म्हणाली. “मी वकिलांना सांगितलं, केलं नाही. का, ते त्यांनी विचारलं नाही.”

“आणि तुम्ही सांगितलं नाहीत.”

“ते घरातलं होतं. पुरावा आहे असं वाटलंच नाही. ते वाक्य कुणीतरी आईंना दुखवायला मुद्दाम लिहिलंय, असंच वाटत होतं.”

“दुखवायचं असतं तर माणूस जास्त विचार करून लिहितो. हे लिहिणाऱ्याला खरोखर वाटत होतं, की ’२३च्या संक्रांतीला सीतारामराव जिवंत होते. असा माणूस कोण? लताबाई नाहीत, त्या तीन रात्री इथे झोपल्या. दोशीभाई नाहीत, त्यांनी खांदा दिला.”

“आणि मला पेटंट हवंय,” दोशी म्हणाले. “ते पण सांगा. सगळ्यांसमोर सांगा.”

“आणि त्यांना पेटंट हवंय. घरातल्यांना तारीख विसरणं शक्य नाही. उरला तो, जो तेव्हा इथे नव्हता. ही चूक फक्त त्यालाच करता येते.”

रेडकरांनी खिडकीकडे पाहिलं. मग संघमित्राकडे. मग परत खिडकीकडे. “पण हे तर तेराव्याला जेवले होते!”

“कधी?”

“नोव्हेंबरात... जॉईन झाल्यावर.” रेडकर थांबले. “’२३च्या.”

“सीतारामराव गेले ’२२ला. ’२३च्या नोव्हेंबरात होतं ते वर्षश्राद्ध. विशालरावांना वाटलं तेरावं. तेही वडे, हेही वडे. शोकसभेच्या चेहऱ्याने जेवले आणि निघून गेले. मयत कधी झालं हे जेवायला आलेला माणूस विचारत नाही. तिथून पुढे त्यांच्या हिशेबी सीतारामराव ’२३च्या दिवाळीच्या तोंडावर गेले, आणि त्याआधीच्या संक्रांतीला सुलक्षणाबाई कुंकू लावत होत्या. मग ’२४ला दोनच महिन्यांत या घरात सण कसा, हे त्यांना खटकलंच नाही. वाणाचे खोके त्यांनीच पोचवले होते, तेव्हा पुराव्याला जोडायला शिल्लक राहिलेलं एखादं निरांजन मिळायला अडचण नव्हती. नाव लताबाईंचं, सही नोटरीच्या माणसाला हाताशी धरून रिडेव्हलपमेंटच्या गठ्ठ्यातून.”

“वा!” विशाल म्हणाला. “आणि मी स्वतःच्याच कंपनीची वाट का लावू?”

“कारण पेटंट नसेल, तर हा लेप लावायला कुणालाच परवानगी लागणार नाही. राजकोटच्या एखाद्या भांड्यांच्या कारखान्यालाही नाही. त्यांना फक्त प्रक्रिया माहीत असलेला माणूस लागेल. मुलीची शाळा कुठली घेतलीत?”

“शाळेचं अजून ठरलेलं नाही,” विशाल म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं.

रुचिरा त्याच्याकडे बघत राहिली. “माझ्याकडे मागितलं असतंस तर लायसन्स दिलं असतं रे मी त्यांना.”

“ते फी द्यायला तयार नव्हते. प्लांट हेडची पोस्ट द्यायला होते.” त्याने चाव्या उचलल्या. “रुचिरा, तू दहा वर्षं एका निरांजनावर बसशील. मला पोरगी आहे.”

दारात त्याला लताबाईंचं स्टूल आडवं आलं. त्या उठल्या नाहीत. त्याला ते ओलांडून जावं लागलं.

“मृत्यूचा दाखला घेऊन या सुनावणीला,” संघमित्रा रुचिराला म्हणाली. “आणि लताबाई, जे झालं ते तसंच मराठीत लिहून द्या. आपणहून सांगणाऱ्याला सहसा तुरुंगात टाकत नाहीत. भाच्याला विचारू नका.”

लताबाई सुलक्षणाबाईंकडे बघत होत्या. “सुलू, बोल ना काहीतरी.”

“काय बोलू?” सुलक्षणाबाई म्हणाल्या. “इतकी वर्षं एवढ्या बायकांना कुंकू लावलं, आणि ते गेल्यावर मला बाहेर बोलावलं ते एका खोट्या कागदाने. चहा घेणार का सगळे?”

सगळ्यांनी घेतला. रेडकरांनी वडे आहेत का, असं विचारलं नाही. संघमित्राने हे त्यांचं तपासातलं पहिलं यश मानलं.

*

सुनावणीत दाखला सादर झाला, लताबाईंचं मराठी निवेदन जोडलं गेलं. विशाल तोवर राजकोटला पोचला होता. सुनावणीच्या दिवशी लताबाई आणि सुलक्षणाबाई एकाच टॅक्सीने गेल्या आणि भाड्यावरून भांडल्या.

पेटंट कार्यालयाचा निर्णय काही आठवड्यांनी आला. पहिल्या परिच्छेदात लता घाग यांचा विरोध खोट्या माहितीवर आधारलेला म्हणून फेटाळला होता. दुसऱ्या परिच्छेदात रुचिराचा अर्ज नामंजूर केला होता. सिलिका हा आधीपासून माहीत असलेला पदार्थ आहे, आणि पेटंट कायद्याच्या कलम ३(ड)प्रमाणे कणांचा आकार लहान केला तरी तो तोच पदार्थ समजला जातो.